हलकी गाडी म्हणजे बिनलायसन्सची गाडी नव्हे

‘हलकी इलेक्ट्रिक मोटारसायकल घ्या, लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको, शाळकरी मुलालाही देता येते, उन्हाचा त्रास नाही आणि खर्च जवळजवळ शून्य,’ असा मजकूर सध्या सोलापुरात मोबाइलवरून फिरतो आहे. तो माझ्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि सोळा वर्षांच्या भाच्याला जुळे सोलापुरातून क्लासला जाण्यासाठी अशी गाडी घेण्याचे तिने जवळजवळ ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

लायसन्स आणि नोंदणीतून सूट आहे, पण नुसती गाडी हलकी असल्याने ती मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, या साऱ्या अटी पाळल्याचे अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केले असेल, तरच ती दुचाकी मोटार वाहन ठरत नाही. ताशी ५० च्या वेगाने पळणारी मोटारसायकल कितीही हलकी असली तरी तिला नोंदणी, विमा आणि लायसन्स लागतेच. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने माफ केले ते बॅटरीवरील वाहनांचे नोंदणी शुल्क, नोंदणी नव्हे.

मुलांबाबतचे वाक्य तर सरळसरळ घातक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार लायसन्स नसलेल्या अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. शिवाय विमाच नसेल, तर सात रस्त्यावर एखाद्या पादचाऱ्याला धडक बसल्यास त्याची भरपाई घरातूनच द्यावी लागेल.

उन्हाचे म्हणाल, तर उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटतेच, त्यामुळे मे महिन्यात दुपारी तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये.

चालवण्याचा खर्च कमी आहे, हे मात्र मान्य करावे लागते. हलक्या गाडीला शंभर किलोमीटरला साधारण तीन-चार युनिट वीज लागते आणि पेट्रोलचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. पण बॅटरी बदलण्याचा खर्च त्या मजकुरात कुठेच नाही, म्हणून तिची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी मागावे. आणि ‘पासिंग नको’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे चाचणीचे प्रमाणपत्र.