पाव मोजायला पोदेर बरा

सकाळी सकाळी एका मित्राने पीडीएफ पाठवलं. कुठल्याशा मिशनचा वार्षिक अहवाल. गावं इतकी, सभा इतक्या, बाप्तिस्मे इतके, आणि खाली पुढच्या वर्षाचं टार्गेट. टार्गेट! विमा विकताय की काय?

आमच्या बार्देसातल्या गावात एक पाद्री होते. नाव घालत नाही, त्यांना आवडलं नसतं. दर शनिवारी सायकलवरून यायचे, बाबांकडून क्रिस्तपुराण चालीवर म्हणून घ्यायला. बाबा मराठी शाळेत मास्तर, देवळात कीर्तनाला झांज धरणारे. स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं हे मराठी ओवीबद्ध पुराण राशोलला छापलं गेलं, हे मला शाळेत नाही, आमच्या सोप्यावर कळलं. बरं, मराठीच्या निव्वळ प्रेमापोटी नसेल लिहिलं. नव्या ख्रिस्तांवांच्या कानांना पुराणाची सवय होती, म्हणून लिहिलं. मान्य.

कॉलेजच्या मस्तीत मी एकदा विचारलं, "फादर, आजवर किती जण बाटवलेत?" बाबांनी डोळे वटारले. फादर खो खो हसले. "हांव पोदेर न्हय रे, पाव मेजपाक!" म्हणजे, पाव मोजायला मी काही पाववाला नाही.

म्हणाल, सायबाने, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरनेही मोजले होतेच की. हो, त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांवर बाप्तिस्मे दिल्याचं झेवियरच्या पत्रात आहे. पण गोंयकार सांगतात ते तो घंटी वाजवत रस्त्यावरची पोरं गोळा करायचा ते. आकडेच बघायचे तर १५६० ला गोव्यात आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म पाळण्यावरून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १८१२ पर्यंत टिकलं, केवढं यश! आणि बाणावलीचे जुझे वाझ? १६८७ साली मजुराच्या वेषात सिलोनला गेले, डचांच्या धाकाने लपलेल्या कॅथलिकांना धीर द्यायला. ते कुठल्या रकान्यात भरणार?

आणि आपल्यातल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. "इतके जण घरी परतले" असे फॉरवर्ड कोण पाठवतं? वही तीच, पान उलटं.

देणगीदारांना हिशेब लागतो, हेही कळतं मला. द्या हिशेब. औषधांचा द्या, तांदळाचा द्या.

चिडून लिहायला बसलो होतो आणि आठवतेय ती सायकल. बाबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तरी शनिवार चुकला नाही. मग ओव्या फादर म्हणायचे, अगदी बेसूर, आणि बाबा डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचे. चाल चुकली की हात थांबायचा. फादर "सॉरी मास्तर" म्हणून ओळ पुन्हा घ्यायचे. दोन वर्षं हे चाललं. आमच्या घरातलं कुणी ख्रिस्तांव झालं नाही.

थांबा, पोदेराचा भोंगा वाजला. सहा घेऊ की आठ, आत विचारून येतो.