जुन्या राक्षसांना हात लावायचा नाही, हे कुठून आलं?

सिनेमावेड्या मंडळींमध्ये एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी, अदृश्य माणूस हे भयपट एकदाच झाले आणि अजरामर झाले. त्यांचे रिमेक काढणं म्हणजे हॉलिवूडकडे कल्पना संपल्याची कबुली. जुने लोक काही न दाखवता घाबरवायचे, आताचे नुसतं रक्त आणि कॉम्प्युटर. त्यात सामाजिक संदेश कोंबायचे. म्हणून हे रिमेक आपटतातच.

हे जुने सिनेमे मला जिवापाड प्रिय आहेत, आणि म्हणूनच हा मजकूर मला मान्य नाही. त्यात त्यांची बाजू घेतल्यासारखं दिसतं, पण ते सिनेमे झाले कसे याचा पत्ताच नाही.

‘एकदाच झाले’ हेच आधी घेऊ. बेला लुगोसीचा १९३१चा ‘ड्रॅक्युला’ ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीवरून थेट उतरलेला नाही. मध्ये एक नाटक होतं आणि लुगोसीने ती भूमिका आधी ब्रॉडवेवर केली होती. त्याच सेटवर, रात्रपाळीत, वेगळे नट घेऊन स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ही चित्रित झाला. त्याच्याही आधी, १९२२मध्ये, जर्मनीत दिग्दर्शक मुर्नाऊने हक्क न घेता, पात्रांची नावं बदलून हीच कथा ‘नोस्फेराटू’ म्हणून पडद्यावर आणली. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या. उन्हात व्हॅम्पायर मरतो हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. स्टोकरच्या पुस्तकात तसं नाही, त्याचा ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. ऊन आणलं ते या बिनपरवाना आवृत्तीने.

फ्रँकेन्स्टाइनचंही तेच. एडिसनच्या कंपनीने १९१०मध्येच त्यावर मूकपट काढला होता. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन या शास्त्रज्ञाने घडवलेला जीव अस्खलित बोलतो, मिल्टनसारख्या कवीचं काव्य वाचतो. १९३१च्या सिनेमात बोरिस कार्लोफने रंगवलेला जीव नुसता गुरगुरतो. सपाट डोकं आणि मानेतले खिळे ही रंगभूषाकार जॅक पिअर्सची कामगिरी. ज्याला आपण मूळ म्हणून जपतो, तोच केवढा फेरफार होता!

आता ‘न दाखवता घाबरवायचे’. कार्लोफचा पहिला प्रवेश पुन्हा बघा. तो दारातून पाठमोरा आत येतो. सावकाश वळतो. मग कॅमेरा एकामागून एक कट घेत थेट त्या चेहऱ्याशी जाऊन भिडतो. दिग्दर्शक जेम्स व्हेलला तो चेहरा लपवायचा नव्हता, प्रेक्षकाच्या डोळ्यांत घालायचा होता. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यापुढे एक गृहस्थ येऊन ‘धक्का बसेल’ असा इशाराही देतात. त्या काळात जेवढं दाखवता येत होतं, तेवढं त्यांनी दाखवलं.

झाकलं ते बऱ्याचदा सेन्सॉरने. याच सिनेमात मारिया नावाची लहान मुलगी त्या जीवाशी तळ्याकाठी खेळते. दोघं पाण्यात फुलं सोडतात, फुलं तरंगतात. हातातली फुलं संपल्यावर तो मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो, कारण तीही फुलासारखी तरंगेल असं त्याला वाटतं. ती बुडते आणि तो भेदरून पळतो. पुढच्या काळात फिरलेल्या प्रतींमधून हे कापलं गेलं. तो मुलीकडे हात नेतो आणि दृश्य संपतं, नंतर दिसतो तो तिचं कलेवर हातांवर घेऊन चाललेला बाप. मधल्या जागेत प्रेक्षकाने त्या जीवाबद्दल वाटेल ते घाणेरडं कल्पावं, अशी ती कात्री होती. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला आणि त्या जीवाला त्याचा निरागसपणा परत मिळाला. न दाखवण्याला सरसकट थोर म्हणणाऱ्यांनी हे दृश्य दोन्ही प्रकारे बघावं.

संदेशाचा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो. १९५४च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले, एक दगावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडाचा ‘गॉडझिला’ आला आणि तो सुरूच होतो झगमगाटात नष्ट होणाऱ्या बोटीपासून. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा नऊच वर्षं झाली होती. हा संदेश बाहेरून कोंबलेला नव्हता, तो त्या राक्षसाचं हाडमांसच होता. अमेरिकेने १९५६मध्ये रेमंड बर या नटाला मध्ये घालून नवी आवृत्ती काढली, त्यात अणुबॉम्बचा विषय बराच पातळ केला. उरला तो शहर तुडवणारा मोठा प्राणी. पुढे जपान्यांनीच तो पुन्हा घडवला. २०१६मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतरची हतबलता घेऊन, बैठकांमागून बैठका घेणाऱ्या सरकारसमोर. २०२३मध्ये युद्धातून जिवंत परतल्याची लाज वाहणाऱ्या वैमानिकासमोर, आणि त्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं.

राहिलं ‘आपटतातच’. २०१७ची टॉम क्रूझची ‘ममी’ वाईट होती, यात वाद नाही. पण ती का फसली? स्टुडिओने एका सिनेमाआधी अख्खी मालिकाच जाहीर केली, बड्या नटांचा एकत्र फोटो काढला आणि ‘ममी’ला पुढच्या सिनेमांची जाहिरात करून टाकलं. त्या योजनेत अदृश्य माणूस जॉनी डेप होणार होता. योजना बारगळली आणि तोच विषय दिग्दर्शक ली व्हॅनेलने सुमारे ७० लाख डॉलर इतक्या, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ, बजेटमध्ये केला. २०२०चा ‘द इन्व्हिजिबल मॅन’ जगभरात १३ कोटी डॉलरच्या वर गेला.

१९३३च्या सिनेमात क्लॉड रेन्सचा शास्त्रज्ञ सत्तेच्या कैफात आगगाडी उलटवतो. २०२०मध्ये कथा त्याची राहतच नाही, त्याच्या तावडीतून रात्री पळालेल्या जोडीदाराची, सिसीलियाची होते. ती बोलते, कोणी विश्वास ठेवत नाही. व्हॅनेल कॅमेरा तिच्यावरून हळूच काढतो, रिकाम्या बोळाकडे वळवतो आणि तिथे ठेवतो. तिथे काहीच नाही, आणि आपण तो कोपरा चाचपत बसतो. थंडीत ती घराबाहेर उभी राहते, तोंडातून वाफ निघते, आणि तिच्या मागे आणखी एका श्वासाची वाफ उमटते. या दृश्यांत रक्ताचा थेंब नाही. तो मजकूर ज्या संयमाची आठवण काढून हळहळतो, तो इथे आहे, रिमेकमध्ये.

याच व्हॅनेलचा २०२५चा ‘वुल्फ मॅन’ मात्र माझी तशी पकड घेऊ शकला नाही. बापाकडून मुलाकडे येणारा राग हा विषय चांगला होता, पण लांडग्याशी तो नीट जुळला नाही. उलट जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ १९८२मध्ये समीक्षकांनी झोडपला, धंदाही बेताचाच झाला. तोही १९५१चा सिनेमा ज्या कथेवर बेतला होता तिच्यावरूनच केलेला, आणि आज त्याच्याशिवाय भयपटांची यादी पुरी होत नाही. पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर रिमेकचा निकाल लावू नये, ही तेवढी विनंती.

कोणाला पडताळून पाहायचं असेल तर १९३३चा ‘इन्व्हिजिबल मॅन’ सव्वा तासात संपतो. तो आधी बघा, दुसऱ्या रात्री २०२०चा.