पाळकांना हिशेब विचारणं पाप नाही

मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पाळकांना (पास्टरांना) दानाचा हिशेब विचारणं म्हणजे देवाच्या अभिषिक्ताला हात लावणं, स्तोत्र 105:15 वाचा.’ ‘माझ्या अभिषिक्तांना’, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, ‘हात लावू नका’ हे बायबलमधलं वचन तिथे आहे, पण मेसेजमधला अर्थ तिथे नाही.

अख्खं स्तोत्र वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखात उपरे म्हणून फिरत होते. त्यांना इजा करू नका, अशी देवाने राजांना दिलेली ही ताकीद आहे. दानाचं म्हणाल तर प्रेषित पौलाच्या पत्रातला 2 करिंथ 8 हा अध्याय पाहा. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेला पैसा पौल एकटा हाताळत नाही. मंडळ्यांनी निवडलेला विश्वासातला भाऊ सोबत घेतो, कोणी बोट ठेवू नये म्हणून, आणि व्यवहार प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख असावा म्हणून. खुद्द प्रेषिताने हे केलं! बिरुया शहराचे लोक तर पौलाची शिकवणही रोज शास्त्रात पडताळत, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 त्यांची वाखाणणीच करतं.

अर्थात उठसूट आरोप करायलाही मुभा नाही. मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असं 1 तीमथ्य 5:19 सांगतं. पाप करत राहणाऱ्यांची सर्वांदेखत कानउघाडणी करा, हे लगेच पुढच्या वचनात आहे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.