डीव्हीडीतील ‘अनोळखी’ फायलींविषयी खुलासा

लग्नाच्या किंवा मुंजीच्या जुन्या डीव्हीडीत दिसणाऱ्या आयएफओ आणि बीयूपी या फायली व्हायरस असून, डीव्हीडी संगणकावर उतरवून घेताना त्या पुसून टाकाव्यात आणि उरलेल्या व्हीओबी फायलींचे नाव बदलून एमपी४ करावे, असा संदेश कोथरूड परिसरातील काही सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

चित्र आणि आवाज व्हीओबी फायलींत असतात, हे खरे. परंतु मेनूतील कोणते बटण कोठे नेते आणि तुकडे कोणत्या क्रमाने चालवायचे, ही माहिती आयएफओत असते. बीयूपी ही तिचीच राखीव प्रत असून, चकतीवर ओरखडा पडून मूळ फाइल वाचता आली नाही तर ती कामी येते. व्हीओबी फाइल १ जीबीपेक्षा मोठी नसल्याने सलग चित्रण अनेक फायलींत विभागले जाते. एकेक फाइल उघडून पाहताना मंगलाष्टका मध्येच तुटतात त्याचे कारण बहुधा हेच, भटजींचा किंवा कॅमेरावाल्याचा त्यात दोष नाही. डीव्हीडीत दिसणारे ऑडिओ_टीएस हे दुसरे फोल्डर रिकामे असणेही नेहमीचेच.

नाव बदलल्याने फाइलचा प्रकार बदलत नाही. आतील चित्रण सहसा एमपीईजी-२ या स्वरूपाचे असते आणि तसेच राहते. खरे रूपांतर हवे असल्यास हँडब्रेकसारखे सॉफ्टवेअर लागते. नुसते पाहायचे असेल तर, विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ प्रणालीतून काढलेली असल्याने, व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे आणि एकेक फाइल न उघडता या सर्व फायली ज्यात असतात ते व्हिडिओ_टीएस हे संपूर्ण फोल्डर त्यात उघडावे.