ठिगळ लावलेला तिरंगा अपात्र?

आज एका शाळेत पंधरा ऑगस्टच्या चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. (चहा-पोह्यांवर. मानधनाचं विचारू नका.) आठवीतल्या एका मुलीचं चित्र होतं. कापूस वेचून आलेली आई शिलाई मशीनवर तिरंग्याला ठिगळ लावतेय, पायाशी कापसाचं गाठोडं. मी शिट्टीच मारणार होतो. सोबतचे सर म्हणाले, "ध्वज फाटका दाखवलाय. अपात्र." आणि कागद पालथा करून ठेवला!

पहिलं बक्षीस कुणाला? तोच सॅल्यूट ठोकणारा जवान, तीच कबुतरं. मी चक्राचे आरे मोजले. वीस. हा अवमान मात्र कुणाला दिसला नाही.

माझे आप्पा पेंटर होते. अमळनेरकडे दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ऑगस्ट आला की शाळांच्या भिंतींवर तिरंगा. चक्रासाठी मधोमध खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला खडू. त्याच सुतळीने परिघाचे सहा भाग, मग निम्मे, मग पुन्हा निम्मे, की झाले चोवीस. एकदा गावातला एक पुढारी अंगावर आला, झेंड्याच्या छातीत खिळा ठोकतो का म्हणून. आप्पा शिडीवरूनच म्हणाले, "भाऊ, खिळा नई ठोका ते गोल कसा व्हई?" मी खाली रंगाचा डबा धरून उभा होतो. हसू आवरेना.

अहो, ज्याला झेंडा काढायचाय तो झेंड्याला हात लावणारच. अमेरिकेत जॅस्पर जॉन्स या चित्रकाराने १९५४-५५ मध्ये वर्तमानपत्राच्या कपट्यांवर मेणात कालवलेल्या रंगाने त्यांचा झेंडा रंगवला. हा झेंडा की झेंड्याचं चित्र, यावर खुशाल भांडा. ते चित्र न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे, पालथं नाही. लांब कशाला, आपल्या फैजपूरला १९३६ चं काँग्रेस अधिवेशन झालं तेव्हा गांधीजींनी सजावटीला चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं. त्यांनी बांबू वापरले, खेड्यातलं सामान वापरलं. देशाची शोभा गावच्या वस्तूंतून उभी राहते हे तेव्हा कळत होतं. आणि ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात पंधरा वर्षांच्या शिरीषकुमारने गोळ्या झेलल्या, तेव्हा त्याच्या हातातला झेंडा काय इस्त्रीचा होता?

बरं, कायद्याचं ऐकवू नका, मलाही माहीत आहे. १९७१ च्या कायद्यात ध्वजाचं चित्रही ध्वजातच धरलंय, आणि ध्वजसंहितेनुसार फाटका ध्वज फडकवायचा नाही. मान्य. पण ती पोरगी फडकवत कुठे होती? शिवत होती! खिळा बघून ओरडणारा तो पुढारी आणि ठिगळ बघून दचकणारे हे सर, दोघांनाही काम दिसत नाही. २०२१ च्या अखेरीस पॉलिस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली, तेव्हा आपल्या कापूसवाल्या खान्देशात कुणाच्या भावना दुखावल्या होत्या?

सर तसे वाईट नाहीत. घाबरतात. कुणीतरी फोटो काढेल, ग्रुपवर टाकेल, संस्थाचालकांचा फोन येईल. समजू शकतो. शिडीवरून उतरल्यावर आप्पांचेही हात थरथरत होते, पण चक्र त्यांनी पुरं केलं.

मुलीला विचारलं, असं का काढलंस? म्हणाली, "आमच्याकडे काही फाटलं की आई शिवते."

सर, तुम्ही माझ्या मित्रयादीत आहात, वाचालच. निकालाच्या कागदावर मी सही केलेली नाही. तिला अपात्र का ठरवलं ते लेखी द्या. आणि त्या जवानाच्या चक्रातले उरलेले चार आरे कोण काढणार, तेही लिहा.