12 वर्षांनी घर भाडेकरूचं होतं म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आलाय. ‘घरमालकांनो सावधान’, वरती लाल दिवा वगैरे. म्हणणं एवढंच की भाडेकरू 12 वर्षं राहिला की घर कायद्याने त्याचं, म्हणून 11-11 महिन्यांचे नोटरीचे करार करा, त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही, पोलीस व्हेरिफिकेशन झालं की आपली जबाबदारी संपली, आणि तरी नाही निघाला तर लाईट-पाणी तोडा. चारही गोष्टी गंडलेल्या आहेत. मी वकील नाही, पण घरातलं एक लफडं निस्तरताना हे सगळं वाचावं लागलं.

आधी ती 12 वर्षं. ती आलीयेत 1963 च्या मुदत कायद्यातून. कोणी तुमच्या जागेत तुम्हाला न जुमानता, उघडपणे, ‘ही माझीच’ म्हणून 12 वर्षं ठाण मांडून बसला आणि तुम्ही काहीच केलं नाही तर तुमचा दावा जातो, प्रतिकूल कब्जा म्हणतात तो हाच. भाडेकरू तर तुमच्या परवानगीने राहतो, दर महिन्याला भाडं टाकतो, म्हणजे दर महिन्याला तुम्हाला मालक मानतोच ना! मेसेजमध्ये सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या निकालाचा दाखला दिलाय, रविंदर कौर ग्रेवालच्या केसचा. निकाल खरा आहे, पण तो एवढंच सांगतो की असा कब्जा पूर्ण झालेला माणूस स्वतःहून दावा लावू शकतो, भाडं भरणाऱ्याला मालक करा असं त्यात कुठेच नाही. हां, करार संपला, भाडं बंद झालं आणि तरी तुम्ही 12 वर्षं झोपून राहिलात तर मग अवघड आहे. पागडीवाल्यांना (आधी मोठी रक्कम भरून जुन्या घरात नाममात्र भाड्याने राहणाऱ्यांना) संरक्षण आहे, पण मालकी त्यांनाही मिळत नाही.

आता 11 महिने, इथे खरा घोळ आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्तीच्या भाडेपट्ट्याला रजिस्ट्रेशन लागतं, म्हणून देशभर 11 महिन्यांची पळवाट चालते. पण महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे आणि त्याचं कलम 55 म्हणतं की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला द्यायचा आपला नेहमीचा भाडेकरार) लेखीच हवं आणि रजिस्टरच हवं, मग ते 11 महिन्यांचं असो नाहीतर पाच. ते करायची जबाबदारीही मालकावरच, नाही केलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंड सोडा हो, पुढचं वाचा: रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. माझ्या मावशीचं हेच झालं, एजंटने स्वस्तात नोटरी करून दिली, डिपॉझिट घेतलं 50 हजार कॅशमध्ये आणि निघायची वेळ आली तेव्हा भाडेकरू म्हणाला मी दोन लाख दिलेत. बसा आता सिद्ध करत!

उलट रजिस्टर करार असेल तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं, मुदत संपूनही बसून राहिला तर भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते आणि समोरच्याला लढायला आधी परवानगी मागावी लागते. खर्च बघा, भाडं 20 हजार, डिपॉझिट 1 लाख, 11 महिने, तर 0.25 टक्क्याने स्टँप ड्युटी सहाशेच्या आत आणि शहरात नोंदणी फी 1000. एवढ्यासाठी कंजुषी?

लाईट-पाणी तोडायचा तर विचारही नको, त्याच कायद्याचं कलम 29 त्याला मनाई करतं. कुलूप बदललंत तर भाडेकरू 6 महिन्यांच्या आत ताबा परत मिळवायचा दावा लावू शकतो, आणि मग तुमचा मुद्दा बरोबर असूनही चोर तुम्हीच.

राहिलं व्हेरिफिकेशन. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्याच, बऱ्याच शहरांत तसे आदेश असतात आणि मोडले तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 188 लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 223 लागतं. पण तुम्ही दिलीत ती माहिती, पोलिसांनी तुम्हाला कॅरेक्टर सर्टिफिकेट नाही दिलं. माणूस भाडं वेळेवर देतो का हे त्या फॉर्मवर नसतं. ते तुम्हीच बघायचं: आधारची झेरॉक्स घेऊन गप्प न बसता त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा, नोकरीचं पत्र बघा, ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर नाव टाकून केसेस बघा (एकाच नावाचे पन्नास जण सापडतात, तेव्हा लगेच नकार न देता त्यालाच विचारा). आडनाव आणि जेवण विचारणं म्हणजे चौकशी नव्हे. आणि मागच्या घरमालकाला फोन कराच, पण सध्याच्या नाही, त्याच्याही आधीच्या, कारण सध्याच्याला तो जायला हवा असेल तर तो तुमच्याकडे त्याचं तोंडभरून कौतुकच करणार.