चाकं फिरली म्हणून बॅटरी भरत नाही

अमेरिकेतला एक व्हिडिओ सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. भल्यामोठ्या मोटरहोममागं, म्हणजे चाकांवरच्या घरामागं, चारही चाकं जमिनीवर ठेवून एक छोटी कार बांधलेली आहे आणि खाली मराठीत मजकूर: 'टोचन केलेल्या गाडीची चाकं फिरतात, त्यामुळं बॅटरी आपोआप चार्ज होते. तरीही उतरली तर बॅटरी गेली समजा, नवी टाका. नाहीतर जम्प स्टार्ट करून पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवा, बॅटरी फुल. डायनामो तपासायचा असेल तर चालू गाडीचं टर्मिनल काढून बघा.' यातली एकही गोष्ट धड नाही. शेवटची तर खर्चात पाडणारी आहे.

'चाकं फिरतात म्हणून चार्जिंग होतं.' डायनामो, म्हणजे आजचा अल्टरनेटर, पट्ट्यावर फिरतो आणि तो पट्टा इंजिन फिरवतं. गाडी न्यूट्रलमध्ये ओढली जात असताना इंजिन बंद असतं, त्यामुळं डायनामोही जागचा हलत नाही. मग गिअर टाकून ओढावी का? मुळीच नको. इंजिन मध्येच सुरू झालं तर गाडी ओढणाऱ्या गाडीवर जाऊन आदळेल. ऑटोमॅटिक गाडी तर इंजिनाला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढूच नये. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समधला तेलपंपही बंद, आणि आतले भाग कोरडे घासतात.

उलट ओढताना बॅटरी खर्चच होते. स्टेअरिंग लॉक होऊ नये म्हणून चावी फिरवलेली असते आणि चारही इंडिकेटर चालू असतात. मागचेपुढचे २१ वॉटचे चार बल्ब आणि बाजूचे दोन छोटे मिळून साधारण ९० वॉट होतात. ते अर्धा वेळच पेटतात, तरी सरासरी साडेतीन-चार अँपिअर जातात. चावी पूर्ण 'ऑन'वर असेल तर मीटर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वगैरेचे आणखी दोन-चार. जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर. ताशी पंचवीसनं ओढत आणली तर अडीच तास लागतात, म्हणजे १५ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) गेले. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ अँपिअर-अवरची असते. अर्धी रिकामी झालेली, त्यात तीन-चार उन्हाळे खाल्लेली बॅटरी सेल्फ फिरवायला नाही म्हणाली तर नवल नाही. म्हणून चावी 'अ‍ॅक्सेसरी'वरच ठेवावी, ब्लोअर आणि म्युझिक बंद करावं. इंडिकेटर मात्र बंद करू नयेत, रात्री तर नाहीच. मोटरहोमवालेही चाकांच्या भरवशावर नसतात. त्यातले बरेच जण पुढच्या गाडीतून फ्यूज लावलेली चार्जिंगची वायर मागं ओढून घेतात.

'उतरली म्हणजे गेली.' उतरणं वेगळं, मरणं वेगळं. आधी बॅटरीच्या खुंटावर (टर्मिनलवर) बसवलेला वायरचा क्लॅम्प हातानं हलवून बघा. हलला किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी असली तर आधी तो काढून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा आणि घट्ट आवळा. बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात. मग गाडी काही तास उभी ठेवून मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं मीटर) लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९च्या खाली म्हणजे रिकामी. '१२ दाखवतंय, म्हणजे चांगली आहे' हा समज इथंच मोडतो. पूर्ण चार्ज केल्यावरही सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल, तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं (आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल, म्हणजे बॅटरीचे कप्पे, तपासा. एकाच सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५नं कमी आलं तर तो सेल गेला, आणि तेव्हाच नव्या बॅटरीचा विचार. परभणी-नांदेडच्या ४२ अंशांत पाणी लवकर उडतं. तिथं डिस्टिल्ड वॉटरच घालावं. बोअरचं पाणी प्लेटा खातं.

बॅटरी चांगली निघाली आणि चार्ज करूनही दोन-तीन दिवसांत पुन्हा बसली, तर गाडी उभी असताना कोणीतरी करंट पितंय. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. मीटरचं एक टोक निगेटिव्ह क्लॅम्पला आणि दुसरं बॅटरीच्या खुंटाला टेकवून ठेवा, मगच क्लॅम्प उचला, म्हणजे सप्लाय तुटत नाही. दारं बंद, चावी लांब, बोनेटचं लॅच पेचकसानं दाबून बसवलेलं, म्हणजे गाडीला बोनेट बंद वाटतं. अर्धा-पाऊण तास थांबा, गाडीची इलेक्ट्रॉनिक्स झोपायला वेळ घेतात. घाईत बघितलं तर चुकीचाच आकडा दिसतो. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० आला तर दिवसाला सात अँपिअर-अवर जातात. या अवस्थेत सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडालाच. चोर शोधायला फ्यूज उपटत बसू नका, त्यानं झोपलेली गाडी जागी होते. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन धातूच्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथं आकडा येईल, त्या लाइनीत करंट वाहतोय. बहुतेकदा बाहेरून बसवलेला जीपीएस, डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टिम सापडते. डिकीचा न विझणारा दिवाही. फ्यूजांवर काहीच आलं नाही, तर डायनामोचा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गळतोय का ते बघा.

'पंधरा मिनिटांत फुल.' ३५ची बॅटरी साडेतीन अँपिअरनं भरायला दहा-बारा तास लागतात. जम्प स्टार्टनं, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून, गाडी फक्त सुरू होते. रात्रभर चार्जर लावा, आणि लवकर लावा. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.

'टर्मिनल काढून डायनामो तपासा.' जुन्या गाड्यांच्या काळातली ही सवय आता सोडा. चालू इंजिनावर बॅटरी तोडली की व्होल्टेजचा झटका बसतो आणि ईसीयू जाऊ शकतो. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या खुंटांवरच मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट आले की हेडलाइट, एसी, ब्लोअर लावा. आकडा तेराच्या खाली घसरला तर आधी पट्टा सैल आहे का बघा, मग डायनामो उघडायला द्या. काही नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयू ठरवतो, तिथं आकडा वरखाली होणारच.